काचेतले तळे

अमेरिकेच्या पूर्व भागात संथ वाहणारे ओढे, उथळ सरोवरे आणि शेवाळाने भरलेली तळी पुष्कळ आहेत. त्यांच्या तळाशी, चिखलात आणि पाणवनस्पतींच्या गर्दीत, एक लहानसे कासव राहते. कॅनडाच्या दक्षिण सीमेपासून फ्लोरिडा आणि टेक्सासपर्यंत त्याची वस्ती आहे. त्याची पाठ काळपट तपकिरी असून घुमटासारखी उंच असते. डोक्याच्या दोन्ही बाजूंना पिवळसर रेघा असतात आणि हनुवटीखाली मांसल, बारीक तंतू लोंबत असतात. पूर्ण वाढलेल्या कासवाची ढाल साधारणपणे ८ ते १३ सेंटिमीटर लांब भरते. इंग्रजीत त्याला ‘मस्क टर्टल’ म्हणतात. मस्क म्हणजे कस्तुरी. परंतु या नावाला भुलून कोणी त्याचा वास घ्यायला जाऊ नये! भय वाटले की ढालीच्या कडेखालील ग्रंथींतून ते असा उग्र दर्प सोडते, की पकडणारा ते चटकन खाली ठेवतो. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, अशातलाच हा प्रकार आहे.

हे कासव पट्टीचे पोहणारे नव्हे. ते पाण्याच्या तळावरून पावले टाकीत हिंडते आणि गोगलगायी, किडे, गांडुळे, मेलेले मासे, पाणवनस्पती असे मिळेल ते खाते. त्याचा वावर बहुधा सायंकाळी व रात्री असतो. त्याच्या तोंडात व घशात बारीक उंचवटे असतात. त्यांच्या योगे पाण्यातील प्राणवायूचा काही अंश त्याला शोषून घेता येतो. म्हणूनच हिवाळ्यातील झोपेत ते दीर्घकाळ पाण्याखाली राहू शकते. एरवी मात्र श्वासासाठी त्याला पृष्ठभागावर यावेच लागते.

अशा एका कासवाची, आणि त्याच्यासाठी घर उभारणाऱ्या एका मुलीची ही हकीकत आहे.

ती मुलगी बारा वर्षांची. तिचे आईवडील नोकरीच्या निमित्ताने अमेरिकेत स्थायिक झालेले. त्या वर्षी तिचे आजोबा साताऱ्याहून काही महिने त्यांच्याकडे राहावयास गेले होते. आजोबांनी उभा जन्म शाळेत विज्ञान शिकविण्यात घालविला होता. शेजारी एक वृद्ध बाई एकट्याच राहत. त्यांच्याकडे बावीस वर्षांपासून एक कासव होते. त्याची काचेची पेटी फुटल्यामुळे ते बिचारे प्लास्टिकच्या टबात, वीतभर पाण्यात दिवस काढीत होते. बाईंच्याने आता बादल्या उचलवत नव्हत्या. आठ आठवड्यांनी त्या आपल्या लेकीकडे दूरच्या गावी कायमच्या जाणार होत्या आणि तेथे कासवाला जागा नव्हती.

“आजोबा, ते कासव आपण आजच घरी आणू या ना!” नात म्हणाली.

“आणू या, पण आज नव्हे,” आजोबा म्हणाले. “मला आधी सांग, ते राहणार कोठे?”

“त्याच टबात ठेवू.”

“म्हणजे घर बदलले, हाल मात्र तेच राहिले.”

मुलगी क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, “कोणी म्हणत होते, की त्याला पलीकडच्या तळ्यात सोडून द्यावे. तेथे याच जातीची कासवे आहेत.”

“हे ऐकायला दयेचे वाटते, पण तशी ही दया नव्हे,” आजोबांनी समजावले. “बावीस वर्षे हातचे खाल्लेल्या प्राण्याला आपले अन्न आता शोधता येईलच, असे नाही. शिवाय माणसाच्या घरात वाढलेल्या प्राण्याच्या अंगी एखादा रोग असला, तर तो तळ्यातील सगळ्या कासवांना जडेल. म्हणूनच असे प्राणी मोकळे सोडण्यास कित्येक ठिकाणी कायद्याने मनाई आहे. बाळ, हे कासव ठेवायचे, तर तू त्याचा हिशेब कर. या जातीचे एक कासव प्राणिसंग्रहालयात पन्नास वर्षांहून अधिक जगले आहे. हे आज बावीस वर्षांचे आहे असे धरले, तरी तू चाळिशीची होशील, तेव्हाही त्याला रोज पाहणारे कोणीतरी लागेल. आहे कबूल?”

मुलीने त्या दिवशी उत्तर दिले नाही. दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर ती आजोबांजवळ बसली आणि म्हणाली, “आहे कबूल.”

मग वडिलांनी राज्याच्या वन्यप्राणी खात्याचे नियम पाहिले. कारण कासव पाळण्याविषयी तेथे प्रत्येक राज्याचे नियम निराळे आहेत आणि काही ठिकाणी परवानाही लागतो. तो सोपस्कार उरकल्यावर कामाला आरंभ झाला. घर तयार होईपर्यंत मुलीने रोज शेजारी जाऊन टबातील पाणी बदलावे, असे ठरले.

प्रथम पेटीची निवड झाली. हे कासव तळावरून चालणारे असल्यामुळे त्याला नुसत्या उंच पेटीचा उपयोग नाही, लांबी-रुंदी हवी. त्यांनी ९० सेंटिमीटर लांब, ४५ सेंटिमीटर रुंद आणि तितकीच उंच पेटी घेतली. आजोबांनी लगेच गणित घातले: “यात २५ सेंटिमीटर पाणी भरले, तर वजन किती होईल?” मुलीने कागदावर गुणाकार केला. ९० गुणिले ४५ गुणिले २५ म्हणजे १,०१,२५० घन सेंटिमीटर, अर्थात सुमारे १०१ लिटर. एक लिटर पाणी म्हणजे एक किलोग्रॅम. तेव्हा नुसत्या पाण्याचेच वजन शंभर किलोच्या वर गेले! काच आणि वाळू यांचा भार वेगळाच. खिडकीजवळचे नाजूक टेबल तेथेच बाद झाले आणि भक्कम लोखंडी घडवंची आली. ती खिडकीपासून दूर ठेवली. एवीतेवी खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हात कासवाला हवे असलेले किरण फारसे उरत नाहीत. उलट पेटीतील पाणी मात्र बेसुमार तापते.

आता तळ सजवावयाचा होता. मुलीला दुकानातील रंगीबेरंगी खडी फार आवडली. आजोबांनी ती परत ठेवविली. कासव अन्नाबरोबर लहान खडे गिळते आणि ते आतड्यात अडकून त्याचा जीव जाऊ शकतो. म्हणून एकतर बारीक वाळू घ्यावी, नाहीतर कासवाच्या तोंडात मावणार नाहीत असे मोठे गुळगुळीत गोटे घ्यावेत. त्यांनी बारीक वाळू धुऊन घेतली. मोठे दगड मात्र वाळूवर न ठेवता आधी थेट काचेवर बसविले आणि मग भोवती वाळू पसरली. कासव वाळू उकरते. दगड वाळूवर असेल, तर तो ढासळून ते खाली चेंगरेल. दोन दगडांमध्ये किंवा लाकडाखाली ते अडकून बसेल अशी फटही कोठे ठेवली नाही. पाण्यात राहणारा प्राणी पाण्यातच बुडून मरतो, हे ऐकून मुलीला नवल वाटले; पण जो नाकाने हवा घेतो, तो अडकला की बुडणारच.

पाण्यात मुरलेले एक वाकडेतिकडे लाकूड तळापासून पृष्ठभागापर्यंत तिरपे लावले. पोहण्यात कच्चे असलेले हे कासव त्यावरून चढत वर येऊन श्वास घेऊ शकते. त्याच्या लहान पिलासाठी तर पाणी याहून पुष्कळ उथळ हवे. तळावर उभे राहून मान उंच केली की नाक पाण्याबाहेर यावे, इतकेच. एका कोपऱ्यात लपावयास गुहेसारखी प्रशस्त जागा केली आणि जावा फर्न नावाची पाणवनस्पती लाकडाला बांधली. पाण्याच्या वर एक कोरडी फळी बसविली. हे कासव उन्हाला क्वचितच येते. तरी अंग कोरडे करण्याची सोय त्याला असलीच पाहिजे.

त्या फळीवर दोन दिव्यांचा प्रकाश पडेल अशी योजना केली. एक दिवा उबेचा; त्याच्या खाली सुमारे ३० ते ३२ अंश सेल्सिअस तापमान राहते. दुसरा दिवा अतिनील किरणांचा. या किरणांमुळे कासवाच्या शरीरात ड जीवनसत्त्व तयार होते आणि त्याच्या साहाय्याने अन्नातील कॅल्शियम हाडांना व ढालीला मिळते. हा दिवा पेटत राहिला, तरी त्याची शक्ती कालांतराने ओसरते. म्हणून सहा ते बारा महिन्यांनी, तो बनविणाऱ्याने सांगितल्याप्रमाणे, बदलावा लागतो. पाण्यात २४-२५ अंशांवर चालणारा हीटर घातला आणि कासवाने धडक दिली तरी तो फुटू नये म्हणून त्याभोवती जाळीचे आवरण बसविले. विजेच्या तारा भिंतीतील खटक्यापेक्षा खाली झोळ देऊन वर नेल्या. त्यामुळे तारेवरून ओघळणारे पाणी झोळातून खाली टपकते, खटक्यात शिरत नाही. “पाण्यात हात घालण्यापूर्वी सगळी बटणे बंद करून तारा खटक्यातून काढावयाच्या,” असे आजोबांनी बजावले, आणि ते काम घरातील मोठ्या माणसांकडे सोपविले. सर्वांवर तारेच्या जाळीचे झाकण आले. कारण हे कासव चढण्यात मात्र मोठे पटाईत आहे.

पेटीत पाणी भरले. नळाच्या पाण्यात जंतू मारण्यासाठी क्लोरीन किंवा क्लोरामाइन मिसळलेले असते. क्लोरीन पाणी उघडे ठेवल्याने उडून जाते. क्लोरामाइन तसे जात नाही. म्हणून ते निष्प्रभ करणारे औषध मोजून घातले. पाणी गाळणारे यंत्र, म्हणजे फिल्टर, सुरू झाले. ते दोनशे लिटरहून मोठ्या पेटीसाठी बनविलेले होते. कारण कासव माशांपेक्षा पुष्कळच अधिक घाण करते.

“झाले ना आता? पाणी तर आरशासारखे स्वच्छ आहे,” मुलगी आनंदाने म्हणाली.

“दिसते स्वच्छ, पण ते अजून जिवंत नाही,” आजोबा म्हणाले.

तळ्यातील पाणी जिवंत असते. प्राण्याच्या मलमूत्रातून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया नावाचे विषारी द्रव्य पाण्यात उतरते. एका जातीचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात. तेही विषारीच. मग दुसऱ्या जातीचे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात. हे त्या मानाने निरुपद्रवी असते. थोडे वनस्पती शोषून घेतात आणि बाकीचे आपण पाणी बदलून काढून टाकतो. नव्या पेटीत हे जिवाणू नसतात. ते फिल्टरमधील स्पंजावर हळूहळू वाढतात आणि या कामी चार ते सहा आठवडे, कधी त्याहूनही अधिक काळ लागतो. तोपर्यंत त्यांना खाद्य म्हणून रिकाम्या पेटीत मोजून अमोनिया घालावयाचा आणि पाणी तपासत राहावयाचे.

मुलगी रोज काचेच्या नळीत पाणी घेई, औषधाचे थेंब टाकी आणि आलेला रंग तक्त्याशी ताडून वहीत लिही. पहिले दहा दिवस काहीच बदलले नाही. तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस अमोनिया उतरू लागला आणि नायट्राइटचा रंग उमटला. तिला अतिशय आनंद झाला.

त्या आनंदाच्या भरातच चूक घडली. एका रविवारी फिल्टरमधील स्पंज तपकिरी, बुळबुळीत झालेला तिला दिसला. आजोबा येण्यापूर्वी सर्व लख्ख करावे, म्हणून वडिलांकडून फिल्टर बंद करवून तिने तो बाहेर काढला आणि नळाच्या धारेखाली पांढरा होईपर्यंत धुतला. दोन दिवसांनी पाणी तपासले, तो अमोनिया जागचा हलेना. आजोबांनी स्पंज पाहिला आणि त्यांना सर्व उमगले. ती घाण नव्हती; ती जिवाणूंची वसाहत होती. नळाच्या पाण्यातील क्लोरीनने ती मारून टाकली होती.

मुलगी रडू लागली. “आजोबा, आता चारच आठवडे उरले. माझ्यामुळे सगळे वाया गेले!”

आजोबा रागावले नाहीत. पण “जाऊ दे” असेही म्हणाले नाहीत. ते म्हणाले, “चूक झाली खरी. वहीत तारखेसह लिहून ठेव. यापुढे स्पंज धुवावयाचा तो पेटीतूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात, नुसता हलकेच पिळून. आता पुन्हा पहिल्यापासून.”

पुन्हा थेंब, पुन्हा रंग, पुन्हा वही. वाळूवर व लाकडावर काही जिवाणू शिल्लक होते, त्यांच्यामुळे काम थोडे लवकर झाले. आठव्या आठवड्याच्या शेवटी अमोनिया एका दिवसात नाहीसा होऊ लागला. परंतु नायट्राइट मात्र अजून उरत होते. आणि शेजारीणबाईंच्या जाण्याचा दिवस तर उजाडला.

“आता काय करावयाचे?” मुलीने विचारले.

“घराची तयारी अपुरी राहिली, तर तिची किंमत घरच्यांनी द्यावी, पाहुण्याने नव्हे,” आजोबा म्हणाले. त्यांनी पेटीतील तीन चतुर्थांश पाणी बदलले आणि त्या सायंकाळी कासव घरी आणले. बाईंनी ते ढालीच्या मागच्या बाजूने धरून पाण्यात सोडले. कारण या कासवाची मान लांब असते आणि ते कडकडून चावते. जाताजाता त्याने आपला प्रसिद्ध दर्प सोडलाच! सगळे हसले. बाईंचे डोळे मात्र पाणावले होते. कासव काही वेळ निश्चल राहिले. मग त्याने मान बाहेर काढली, वाळूवर एक पाऊल टाकले, दुसरे टाकले, आणि चालत चालत ते लाकडाखालच्या सावलीत गेले. कितीतरी दिवसांनी त्याला सरळ चालावयास जागा मिळाली होती.

पुढे दोन आठवडे मुलीने रोज पाणी तपासले. नायट्राइटचा रंग उमटला की ती पंचवीस लिटर, म्हणजे दहा लिटरच्या अडीच बादल्या, पाणी बदली. नवे पाणी जुन्याइतकेच उबदार करून, औषध घालून मगच पेटीत जाई. तिसऱ्या आठवड्यात रंग उमटेनासा झाला. तेव्हापासून आठवड्यातून एकदा अडीच बादल्या पुरेशा होऊ लागल्या.

काही नियम भिंतीवर लावले गेले. कासवाला दिवसाआड किंवा दोन दिवसांआड खावयास द्यावे, रोज नव्हे. त्यात कासवांसाठी तयार केलेल्या गोळ्या, गांडुळे आणि गोगलगायी असाव्यात. त्याला एकटेच ठेवावे. दोन नर एकत्र ठेवल्यास एकमेकांना जखमी करतात. पेटीच्या बादल्या वेगळ्या असाव्यात आणि त्या स्वयंपाकघरात नेऊ नयेत. कासवाला किंवा त्याच्या पाण्याला हात लागला, की साबणाने हात धुवावेत. कासव धडधाकट दिसले, तरी त्याच्या अंगावर साल्मोनेला नावाचे रोगजंतू असू शकतात. या रोगामुळेच १९७५ साली अमेरिकेत चार इंचांहून लहान ढालीची कासवे पाळण्यासाठी विकण्यास बंदी झाली. कारण लहान मुले ती तोंडात घालीत. पाच वर्षांखालील मुलांनी कासवाला हात लावूच नये, हेही त्याच कारणासाठी.

आजोबांच्या परतीचा दिवस जवळ आला. “साताऱ्याला गेल्यावर मीही एक कासव पाळावे का हो?” असे त्यांच्या एका धाकट्या नातवाने दूरध्वनीवर विचारले. आजोबांनी त्याला स्पष्ट नकार दिला. आपल्याकडील नद्या-तळ्यांतील कासवे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहेत. ती घरी ठेवणे हा गुन्हा आहे. आणि दुकानांतून मिळणारी, कानाशी तांबडा पट्टा असलेली कासवे परदेशी आहेत. लोक हौसेने आणतात, ती मोठी झाली की तळ्यात सोडतात आणि मग ती आपल्या कासवांच्या अन्नावर व जागेवर अतिक्रमण करतात. “त्यांना त्यांच्या तळ्यात पाहा, तेच त्यांचे घर,” असे आजोबांनी त्याला सांगितले.

शेवटच्या रात्री आजोबा आणि नात पेटीसमोर बसले होते. कासव लाकडावरून हळूहळू चढत वर येत होते. आजोबा म्हणाले, “आपल्या देवळांत सभामंडपात दगडी कासव असते, ते तू पाहिले आहेस ना? आपल्याकडे असे मानीत, की कासवी पिलांना दूध पाजत नाही. ती त्यांना नुसत्या दृष्टीने पोसते. ही अर्थात कल्पना झाली. खरी कासवी अंडी घालते आणि निघून जाते. तुझे हे कासवही कोणाच्या दृष्टीने पोट भरणार नाही. त्याला गांडूळच हवे.”

मुलगी हसली.

“पण त्या कल्पनेत एक खरी गोष्ट आहे,” आजोबा पुढे म्हणाले. “ते आज जेवले का, त्याचे डोळे सुजले नाहीत ना, पाणी किती अंशांवर आहे, दिवा कधी बदलला, हे सारे पाहण्याने कळते. काचेत ठेवलेल्या जिवाला ओरडून काही सांगता येत नाही. त्याच्याकडे कोणी पाहील, एवढाच त्याचा आधार.”

कासवाने नाकाचे टोक पाण्याबाहेर काढले, श्वास घेतला आणि ते पुन्हा तळाकडे वळले. मुलीने वही उघडली, त्या दिवसाची तारीख घातली आणि तपमापकावर पाहून आकडा लिहिला : २४.

स्वाध्याय

१. कासव तळ्यात सोडून देण्यास आजोबांनी कोणत्या कारणांसाठी नकार दिला?
२. “दिसते स्वच्छ, पण ते अजून जिवंत नाही,” या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत स्पष्ट करा.
३. स्पंज धुण्यात मुलीची कोणती चूक झाली? ती चूक तिने कशी भरून काढली?
४. एक पेटी ६० सेंटिमीटर लांब व ३० सेंटिमीटर रुंद आहे. तिच्यात २० सेंटिमीटर पाणी भरले, तर पाण्याचे वजन किती होईल?
५. पुढील वाक्प्रचार व म्हण यांचा अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा : दिवस काढणे; नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा.
६. तुमच्या गावाजवळील तळे, ओढा किंवा विहीर यांत राहणाऱ्या एखाद्या प्राण्याचे, त्याला हात न लावता, आठ दिवस निरीक्षण करा व रोजची नोंद वहीत लिहा.